वेब ॲपमधलं इमेज कॉम्प्रेशन आणि ऑप्टिमायझेशन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ज्यांच्या ॲपमध्ये वापरकर्ते फोटो अपलोड करतात, संपादक लेखांना चित्रं जोडतात आणि तक्रार मात्र एकच असते, की पान उघडायला फार वेळ लागतो, अशा टीमसाठी ही उत्तरं आहेत. फ्रेमवर्क कुठलंही असलं तरी गोष्टी त्याच राहतात, फक्त सेटिंगची नावं बदलतात.

इमेज कॉम्प्रेशन सुरू करायचंय. क्वालिटीचा आकडा किती ठेवू?

जवळजवळ प्रत्येकाचा पहिला प्रश्न हाच असतो, पण क्वालिटीचा आकडा ही तिसरी पायरी आहे. पहिली पायरी मोजमापाची.

फोनच्या कॅमेऱ्यातला १२ मेगापिक्सेलचा फोटो साधारण ४००० × ३००० असतो, म्हणजे १ कोटी २० लाख पिक्सेल. तुमच्या पानावर तो ४०० पिक्सेल रुंदीच्या चौकटीत दिसणार आहे. दुप्पट घनतेची स्क्रीन (एका पिक्सेलच्या जागी प्रत्येक दिशेला दोन) धरली तरी लागतात ८०० × ६००, म्हणजे ४ लाख ८० हजार पिक्सेल. थेट पंचविसावा हिस्सा. क्वालिटी ८० वरून ७० वर आणून एवढा फरक कधीच पडत नाही, आणि तो पडेपर्यंत आकडा खाली ओढत नेलात तर चित्र बघवत नाही.

म्हणून क्रम असा ठेवा: आधी रुंदी, मग फॉरमॅट, मग क्वालिटी, शेवटी कॅश (एकदा केलेली किंवा आणलेली फाइल जपून ठेवणं). मोठ्या मापाची फाइल तशीच ठेवून कॉम्प्रेशनची कितीही प्लगइन बसवली तरी हाती फारसं काही लागत नाही.

मग कोणकोणत्या रुंद्या तयार करायच्या?

डिझाइन उघडा आणि इमेज प्रत्यक्षात किती रुंद दिसते ते प्रत्येक लेआउटमध्ये मोजा. बहुतेक ॲपना पाच-सहा रुंद्या पुरतात: ३२०, ६४०, ९६०, १२८०, १९२० अशी काहीतरी मालिका. नेक्स्ट.जेएस या फ्रेमवर्कच्या इमेज घटकात ६४० पासून ३८४० पर्यंत आठ रुंद्या आधीच दिलेल्या असतात. त्यातली ३८४० ची गरज तुमच्या पानाला खरंच आहे का, हे विचारल्याशिवाय ती तशीच ठेवू नका.

प्रत्येक ५० पिक्सेलला एक आवृत्ती, असा उत्साह टाळा. आवृत्त्या वाढल्या की प्रत्येकीच्या वाट्याला येणाऱ्या विनंत्या कमी होतात, कॅशमध्ये सापडण्याची शक्यता घटते आणि सर्व्हर पुन्हा पुन्हा तेच काम करत बसतो.

घनतेबद्दल माझं मत स्पष्ट आहे. फोनची स्क्रीन तिप्पट घनतेची असली तरी फोटो दुप्पट मापापुढे नेऊ नका. हातातल्या स्क्रीनवर डोळ्यांना तो फरक कळत नाही आणि पिक्सेल मात्र सव्वादोनपट होतात. नकाशे किंवा बारीक अक्षरांचे तक्ते असतील, तर तो अपवाद.

आणि लहान इमेज ताणून मोठी करू नका. रिसाइझ करणाऱ्या बहुतेक लायब्ररींमध्ये यासाठी वेगळी सेटिंग असते. शार्प या नोड.जेएसच्या लायब्ररीत 'विदाउट एन्लार्जमेंट' ट्रू करावी लागते, कारण मुळात ती बंद असते.

एसआरसीसेट (वेगवेगळ्या रुंद्यांच्या फाइलींची यादी) दिला आहे, तरी ब्राउझर सगळ्यात मोठी फाइलच उचलतो. असं का?

दहापैकी नऊ वेळा कारण एकच: सायझेस हे ॲट्रिब्यूट लिहिलेलंच नसतं, किंवा चुकीचं असतं.

ब्राउझरला इमेज निवडायची असते तेव्हा सीएसएस अजून पूर्ण आलेली नसते. चौकट किती रुंद होणार, हे त्याला माहीत नसतं. ते तुम्ही सायझेसमधून सांगायचं. सांगितलं नाही तर तो संपूर्ण स्क्रीनची रुंदी गृहीत धरतो.

उदाहरण घेऊ. १४४० पिक्सेल रुंदीचा लॅपटॉप, घनता दुप्पट. पानावर तीन कार्डांची ओळ, प्रत्येक कार्ड ४०० पिक्सेल. सायझेस नसेल तर ब्राउझरचा हिशोब होतो १४४० गुणिले २, म्हणजे २८८०. वरच्या मालिकेतली सर्वात मोठी म्हणजे १९२० ची फाइल तो उचलतो. खरी गरज होती ८०० ची, म्हणजे ९६० च्या फाइलने काम झालं असतं. दोन्हींत पिक्सेलचा फरक चौपट आहे आणि तो प्रत्येक कार्डामागे मोजावा लागतो. सायझेसमध्ये 'किमान रुंदी १०२४ असेल तर ४०० पिक्सेल, नाहीतर स्क्रीनची पूर्ण रुंदी' एवढं लिहिलं की प्रश्न सुटतो.

तपासायला ब्राउझरच्या डेव्हटूल्समध्ये इमेज घटक निवडा आणि त्याची 'करंट एसआरसी' प्रॉपर्टी वाचा. ब्राउझरने खरोखर काय उचललं, ते तिथे दिसतं. तपासताना कॅश बंद ठेवा. मोठी फाइल आधीच कॅशमध्ये असेल तर क्रोम लहान फाइल नव्याने मागवण्याऐवजी तीच वापरतो, आणि खिडकी लहान करून बघणाऱ्याला वाटतं की एसआरसीसेट चालतच नाही.

ठीक, आता क्वालिटीचा आकडा?

फोटोंसाठी जेपेगला ७५ ते ८२, वेबपीला ७५ ते ८०, एव्हीआयएफला ५० ते ६०, इथून सुरुवात करा. शार्पची स्वतःची मूळ मूल्यं जेपेग आणि वेबपीसाठी ८० आणि एव्हीआयएफसाठी ५० अशी आहेत. वर्डप्रेस जेपेगसाठी ८२ वापरतं.

हे आकडे टक्के नव्हेत, आणि एका फॉरमॅटचा आकडा दुसऱ्याला लावता येत नाही. जेपेगमध्ये ८० ठेवलं होतं म्हणून एव्हीआयएफमध्येही ८० ठेवलं, तर फाइल उगाच जड होते आणि मग 'एव्हीआयएफने काही फायदा झाला नाही' असा निष्कर्ष निघतो. एकाच फॉरमॅटच्या दोन एन्कोडरमध्ये (ती फाइल बनवणाऱ्या प्रोग्राममध्ये) सुद्धा हा आकडा सारखाच वागेल असं नाही.

आकडा ठरवायला तुमच्याच ॲपमधल्या अवघड इमेजेस काढा. चेहऱ्याचा जवळून घेतलेला फोटो, मोकळं आकाश, दाट पानं किंवा केस, अंधारातला फोटो, आणि ज्यावर अक्षरं आहेत असं एखादं पोस्टर. आकाशात आणि अंधाऱ्या भागात रंगाचे पट्टे पडतात का, केसांचा लगदा होतो का, अक्षरांभोवती घाण दिसते का, हे पाहा. पाहताना खऱ्या मापात पाहा. चारपट झूम करून दोष शोधत बसलात तर कुठलाच आकडा पटणार नाही, कारण वापरकर्ता तसं बघत नाही. शेकडो इमेजेस यंत्राकडून तपासायच्या असतील तर एसएसआयएम किंवा बटराउग्लीसारखी मोजमापं वापरता येतात, पण शेवटचा कौल डोळ्यांचा.

जेपेग, वेबपी, एव्हीआयएफ, पीएनजी. नेमकं कुठे काय?

फोटोंसाठी एव्हीआयएफ, तो चालत नसेल तिथे वेबपी, आणि शेवटचा आधार म्हणून जेपेग. एवढं धोरण बहुतेक ठिकाणी पुरतं.

जेपेगचं मानक १९९२ चं. प्रत्येक ब्राउझर, प्रत्येक ईमेल प्रोग्राम ते उघडतो, म्हणून शेवटचा आधार म्हणून त्याला पर्याय नाही. नवा एन्कोडर वापरला तर तेच जेपेग आणखी लहान होतं. मोझिलाने २०१४ मध्ये आणलेला मोझजेपेग याच कामासाठी आहे. वेबपी गूगलने २०१० मध्ये जाहीर केलं, पण सफारीत ते यायला २०२० उजाडलं, आणि त्यानंतरच ते निर्धास्तपणे वापरण्याजोगं झालं. त्याच्या दोन मर्यादा लक्षात ठेवा: कुठलीही बाजू १६,३८३ पिक्सेलपेक्षा मोठी असू शकत नाही, त्यामुळे अतिलांब स्क्रीनशॉट तिथे अडतात, आणि त्याच्या लॉसी प्रकारात (म्हणजे थोडा तपशील कायमचा गमावून फाइल लहान करणाऱ्या) रंगाची माहिती नेहमी निम्म्या मापाचीच राहते.

एव्हीआयएफ एव्ही१ या व्हिडिओ कोडेकवर उभं आहे. क्रोममध्ये ते २०२० ला, फायरफॉक्समध्ये २०२१ ला आणि सफारीत २०२२ ला आलं. कमी बाइटमध्ये आकाशासारखे सलग भाग ते फार छान सांभाळतं. त्याची किंमत दोन ठिकाणी मोजावी लागते. एन्कोड करायला ते बरंच हळू आहे. आणि क्वालिटी फार खाली नेली की ते चौकोनी डाग दाखवत नाही, बारीक पोत गुपचूप पुसून टाकतं. कापडाची वीण, त्वचेचा पोत, चित्रातले ब्रशचे फटकारे, हे सगळं गुळगुळीत होतं. वस्त्रं किंवा कलाकृती दाखवणाऱ्या ॲपमध्ये हे चालणार नाही.

पीएनजी फोटोंसाठी वापरू नका. लोगो, आयकॉन आणि आकृत्या शक्य तिथे एसव्हीजीमध्ये ठेवा.

स्क्रीनशॉटमधली अक्षरं धूसर दिसतात, विशेषतः लाल. क्वालिटी ९० केली तरी फरक नाही.

कारण दोष क्वालिटीच्या आकड्यात नाही. डोळ्यांना उजेडातले बारकावे चांगले कळतात, रंगातले कमी. याचा फायदा घेऊन जेपेग सहसा रंगाची माहिती दोन्ही दिशांनी निम्म्या मापाने साठवतं. या प्रकाराला ४:२:० म्हणतात. फोटोत ते कळतही नाही. पण पांढऱ्यावरच्या बारीक लाल अक्षराची कडच मुळी रंगाच्या बदलाने बनलेली असते आणि ती पसरते. त्यात जेपेग चित्राचे ८ × ८ पिक्सेलचे ठोकळे करून काम करतं, त्यामुळे तीक्ष्ण कडांभोवती ठिपक्यांची धूळ उडते.

अशा इमेजेसना लॉसलेस, म्हणजे तपशील न गमावणारी, वाट द्या. पीएनजी किंवा लॉसलेस वेबपी वापरा. रंग मोजके असतील तर पीएनजीक्वांट या साधनाने रंग २५६ वर आणले की फाइल खूप खाली येते आणि अक्षरं स्वच्छ राहतात. जेपेगच हवं असेल तर क्रोमा सबसॅम्पलिंग ४:४:४ करा. लॉसी वेबपीत ती सोयच नाही, म्हणून स्क्रीनशॉट तिथे पाठवू नका.

सगळ्या अपलोडना एकच नियम लावणाऱ्या पाइपलाइनमध्ये हा दोष हमखास दिसतो. निदान 'फोटो' आणि 'आकृती' असे दोन प्रोफाइल ठेवा आणि संपादकाला त्यातून निवडू द्या.

प्रक्रिया कधी करायची: अपलोडच्या वेळी, बिल्डच्या वेळी, की मागणी आली की?

साइटच्या स्वतःच्या ठरलेल्या इमेजेस असतील तर बिल्डच्या वेळी. तो प्रश्न तिथेच संपतो.

वापरकर्त्यांच्या अपलोडसाठी दोन्ही वाटा चालतात. अपलोडच्या वेळी सगळ्या आवृत्त्या करून ठेवल्या तर पान देताना सर्व्हरवर ताण येत नाही, पण उद्या डिझाइन बदललं की जुन्या सगळ्या इमेजेस पुन्हा घडवाव्या लागतात. शिवाय ज्या फोटोंना कुणी कधीच बघणार नाही, त्यांच्यावरही मेहनत खर्च होते. मागणीनुसार करण्यात हे टळतं. पहिल्या वापरकर्त्याला मात्र थांबावं लागतं.

मला पटलेली रचना मधली आहे. अपलोडनंतर एक थंबनेल आणि एक मध्यम आकाराची आवृत्ती लगेच करायची, कारण त्या नक्कीच लागणार आहेत. बाकीच्या मागणी येईल तशा करून सीडीएनच्या (वापरकर्त्याजवळच्या सर्व्हरवरून फाइल देणाऱ्या जाळ्याच्या) कॅशमध्ये ठेवायच्या. अपलोडची विनंती एन्कोडिंगसाठी अडवून धरू नका. फाइल सुरक्षित उतरली की वापरकर्त्याला उत्तर द्या आणि पुढचं काम रांगेत टाका.

मागणीनुसार प्रक्रिया करत असाल तर एक दार आठवणीने बंद करा. यूआरएलमधून कुठलीही रुंदी मागता येत असेल, तर कुणीही १ पासून ५००० पर्यंत सगळ्या रुंद्या मागून तुमचा सर्व्हर दमवू शकतो. ठरलेल्या रुंद्यांचीच यादी स्वीकारा किंवा यूआरएलला गुप्त किल्लीने केलेली डिजिटल सही जोडा. बाहेरच्या पत्त्यावरून इमेज आणत असाल तर परवानगी असलेल्या डोमेनची यादीही ठेवा, नाहीतर तुमचा सर्व्हर दुसऱ्याचा फुकटचा इमेज प्रॉक्सी होतो आणि अंतर्गत पत्त्यांपर्यंत पोचायची वाटही उघडी राहते.

मूळ फाइल ठेवायची की कॉम्प्रेस केलेली पुरे?

मूळ फाइल ठेवा. साठवण स्वस्त असते. गेलेला तपशील परत येत नाही. लॉसी फाइल उघडून पुन्हा लॉसी केली की दर फेरीला थोडं नुकसान साचतं. पुढे नवीन फॉरमॅट आला आणि तुमच्याकडे फक्त ७० क्वालिटीची जेपेग उरली असेल, तर त्या जेपेगचे डागही नव्या फाइलमध्ये इमानदारीने जतन होतील.

ही मूळ फाइल सार्वजनिक फोल्डरमध्ये मात्र ठेवू नका. कारण पुढच्या प्रश्नात आहे.

फोनवरून टाकलेला उभा फोटो आडवा का दिसतो?

बरेच फोन सेन्सरवरून जसं येतं तसंच चित्र साठवतात आणि सोबतच्या एक्झिफ माहितीत 'दाखवताना एवढं फिरवा' असं नोंदवतात. ही दिशेची नोंद १ ते ८ अशा आकड्यांत असते. ६ म्हणजे घड्याळाच्या दिशेने ९० अंश. तुमची प्रक्रिया एक्झिफ पुसते पण त्याआधी चित्र फिरवत नाही, म्हणून फोटो आडवा होतो. आधी फिरवा, मग पुसा. इमेजमॅजिक या साधनात यासाठी 'ऑटो ओरिएंट' आहे. शार्पमध्ये 'रोटेट' कोन न देता वापरलं की तेच होतं. पायथनच्या पिलो लायब्ररीत 'एक्झिफ ट्रान्सपोज' आहे. रुंदी-उंची डेटाबेसमध्ये नोंदवत असाल तर फिरवल्यानंतरची नोंदवा.

एक्झिफ पुसायचं ते काही बाइट वाचावेत म्हणून नाही. त्यात फोटो जिथे काढला तिथले अक्षांश-रेखांश असू शकतात. घरात काढलेला फोटो टाकणाऱ्या माणसाला आपण घराचा पत्ता वाटतोय याची कल्पना नसते, आणि त्याची काळजी घेणं हे आपलं काम आहे. सार्वजनिक प्रत्येक आवृत्तीतून ती माहिती काढा.

रंगाचं प्रोफाइल मात्र डोळे झाकून उडवू नका. अनेक फोन डिस्प्ले पी३ या मोठ्या रंगपटात फोटो काढतात. रंग एसआरजीबी या वेबच्या नेहमीच्या रंगपटात न बदलता नुसतं प्रोफाइल काढलं तर फोटो फिका पडतो. आधी रूपांतर करा, मग काढा. शार्प हे दोन्ही आपोआप करतं. इतर साधनांत ते तपासून घ्या. छायाचित्रकारांची साइट असेल तर कॉपीराइटच्या नोंदी ठेवायच्या का, हे त्यांनाच विचारा.

मोठा फोटो अपलोडच होत नाही. मर्यादा तर १० एमबी ठेवली आहे!

ॲपच्या सेटिंगमध्ये ठेवली असेल, पण विनंती तिथे पोचण्याआधी दोन-तीन फाटकं असतात. एनजिनएक्स या वेब सर्व्हरमध्ये विनंतीच्या आकाराची मूळ मर्यादा १ एमबी आहे. ती ओलांडली की ४१३ हा एरर येतो आणि तुमच्या ॲपच्या लॉगमध्ये काहीच सापडत नाही. पीएचपीमध्ये एका फाइलसाठी मूळ मर्यादा २ एमबी आणि संपूर्ण पोस्टसाठी ८ एमबी. पुढे लोड बॅलन्सर किंवा सीडीएन असेल तर त्यांची वेगळी. सगळीकडचे आकडे एकत्र लिहून काढा आणि बाहेरचं फाटक आतल्यापेक्षा थोडं मोठं ठेवा, म्हणजे नकार ॲपकडून जाईल आणि वापरकर्त्याला नीट समजेल असा संदेश दाखवता येईल.

फाइल ३ एमबीची आहे, तरी प्रोसेस मेमरी संपून मरते.

डिस्कवरचा आकार इथे कामाचा नाही. ४००० × ३००० चा फोटो उघडला की प्रत्येक पिक्सेलला ४ बाइट धरून ४८ एमबी लागतात, मग जेपेग ३ एमबीचं असो की १ चं. त्यात रिसाइझची दुसरी प्रत, आणि असे चार वापरकर्ते एका वेळी आले, की हिशोब तुमच्या लक्षात येईलच. पीएचपीची १२८ एमबीची मेमरी मर्यादा अशाच फोटोंवर फुटते.

उपाय दोन. एक, लिबव्हिप्स या इमेज लायब्ररीवर उभी असलेली साधनं वापरा, शार्प त्यातलंच. ती संपूर्ण चित्र एकदम मेमरीत न घेता तुकड्या-तुकड्याने पुढे सरकवतात, आणि लहान थंबनेल करायचं असेल तर जेपेग उघडतानाच निम्म्या, पाव किंवा आठव्या मापाने उघडतात. दोन, एका वेळी किती इमेजेस प्रक्रियेत असाव्यात याला आवर घाला. एव्हीआयएफ असेल तर हे आणखी गरजेचं, कारण ते सीपीयूही खातं. शार्पमध्ये एव्हीआयएफचा 'एफर्ट' (एन्कोड करताना किती मेहनत घ्यायची) ० ते ९ असतो आणि मूळ मूल्य ४. ते ९ वर नेऊन वाचणारे बाइट आणि जाणारा वेळ यांचा मेळ मागणीनुसार चालणाऱ्या प्रक्रियेत बसत नाही. बिल्डच्या वेळी करत असाल तर खुशाल वाढवा.

अपलोड झालेल्या इमेजमुळे सुरक्षेला धोका असतो का?

असतो, आणि तो कल्पनेतला नाही. २०१६ मध्ये इमेजमॅजिकमध्ये 'इमेजट्रॅजिक' नावाने ओळखला गेलेला दोष सापडला: खास घडवलेली फाइल प्रक्रियेला दिली की सर्व्हरवर आज्ञा चालवता येत होती. सप्टेंबर २०२३ मध्ये लिबवेबपी या वेबपी वाचणाऱ्या लायब्ररीत गंभीर दोष उघड झाला आणि क्रोम, फायरफॉक्ससह ती वापरणाऱ्या कितीतरी प्रोग्रामना घाईने दुरुस्ती करावी लागली. तुमच्या सर्व्हरवरच्या इमेज लायब्ररींनाही तोच नियम. त्या वरचेवर अद्ययावत करा.

फाइलच्या नावातल्या शेपटावर विश्वास ठेवू नका. सुरुवातीचे बाइट वाचून प्रकार ठरवा. इमेजमॅजिक वापरत असाल तर त्याच्या पॉलिसी फाइलमध्ये जे फॉरमॅट लागत नाहीत ते बंद करा. पिक्सेलची कमाल मर्यादा लावा, कारण दिसायला लहान पीएनजी उघडल्यावर कित्येक जीबींची होईल अशी मुद्दाम घडवता येते. शार्पमध्ये ही मर्यादा मुळात साधारण २६ कोटी ८४ लाख पिक्सेल आहे, जी सामान्य ॲपसाठी फारच सैल म्हणायची. ५ कोटीवर आणा.

एसव्हीजीमध्ये स्क्रिप्ट असू शकते. अनोळखी वापरकर्त्यांकडून एसव्हीजी स्वीकारूच नका, स्वीकारायचीच असेल तर सर्व्हरवर तिची पीएनजी करून तीच दाखवा.

हेइक फाइल येतात त्यांचं काय?

आयफोन २०१७ पासून, म्हणजे आयओएस ११ पासून, फोटो हेइकमध्ये ठेवू शकतात. सफारी सोडता बाकी प्रमुख ब्राउझर ते दाखवत नाहीत, तेव्हा सर्व्हरवर बदलणं भाग आहे. शार्पच्या तयार पॅकेजमध्ये पेटंटच्या कारणाने हेइकचा डीकोडर नसतो. लिबव्हिप्स स्वतः बिल्ड करावं लागतं. तेवढं करायचं नसेल तर फाइल निवडण्याच्या घटकात फक्त जेपेग आणि पीएनजी स्वीकारा. आयफोनवर बहुधा फोटो आपोआप जेपेग होऊन येतो.

सगळ्याच इमेजेसना लेझी लोडिंग (इमेज स्क्रीनजवळ आली की मगच मागवणं) लावलं तर?

पान हळू होईल. स्क्रीनवर सर्वात आधी दिसणारी मोठी इमेज लेझी केली की ब्राउझर लेआउट ठरेपर्यंत ती मागवतच नाही. गूगलच्या कोअर वेब व्हायटल्समध्ये सर्वात मोठा घटक दिसायला २.५ सेकंदांच्या आत वेळ लागावा, आणि तोही ७५ टक्के भेटींमध्ये, अशी अपेक्षा आहे. हा सर्वात मोठा घटक बहुतेक वेळा तीच इमेज असते. तिला लेझी लावू नका, उलट फेचप्रायॉरिटी 'हाय' द्या. पण एकालाच. पाच इमेजेसना हाय दिलं तर कुणालाच दिल्यासारखं होत नाही. स्क्रीनच्या खाली असलेल्या बाकी सगळ्यांना लेझी लावा.

प्रत्येक इमेजला रुंदी आणि उंचीची ॲट्रिब्यूट लिहा, सीएसएसमध्ये उंची 'ऑटो' असली तरीही. त्या दोन आकड्यांवरून ब्राउझर गुणोत्तर काढून जागा राखून ठेवतो आणि वाचता वाचता मजकूर खाली उडी मारत नाही.

कॅशचे हेडर कसे ठेवू?

यूआरएलमध्ये फाइलच्या आशयाचा हॅश (त्यावरून काढलेली खूण, जी फाइल बदलली की बदलते) असेल तर कॅश कंट्रोलमध्ये कमाल वय ३१५३६०००, म्हणजे एक वर्ष, आणि सोबत 'इम्यूटेबल'. इमेज बदलली की यूआरएलच बदलतो, त्यामुळे जुनी दिसण्याची भीती नाही. हॅश नसेल तर एवढी मुदत देऊ नका.

एकाच यूआरएलवरून ॲक्सेप्ट हेडर (ब्राउझरला कुठले फॉरमॅट चालतात ते सांगणारा) पाहून कुणाला एव्हीआयएफ, कुणाला जेपेग देत असाल तर उत्तरात 'व्हेरी: ॲक्सेप्ट' हवंच. नाहीतर मधला कॅश पहिल्याला मिळालेलं एव्हीआयएफ जुन्या ब्राउझरलाही देऊन मोकळा होईल आणि तिथे तुटकी चौकट दिसेल. काही सीडीएन हा हेडर वेगळी सेटिंग केल्याशिवाय मानत नाहीत, म्हणून मला पिक्चर टॅग अधिक भरवशाचा वाटतो: प्रत्येक फॉरमॅटचा यूआरएल वेगळा, गोंधळाला जागाच नाही.

जेपेग, वेबपी, एव्हीआयएफवर जीझिप लावू नका. ती आधीच आवळलेली असतात. एसव्हीजी मजकूरच असते, तिच्यावर जरूर लावा.

हलणाऱ्या जिफ फाइल फार मोठ्या होतात.

जिफ १९८७ चं आहे, एका फ्रेममध्ये २५६ रंग. तिचा एमपी४ व्हिडिओ करा आणि व्हिडिओ टॅगमध्ये ऑटोप्ले, लूप, म्यूटेड आणि प्लेजइनलाइन अशी चारही ॲट्रिब्यूट द्या. म्यूटेड नसेल तर ब्राउझर आपोआप चालवणार नाही.

अपलोड करण्याआधी ब्राउझरमध्येच फोटो लहान करावा का?

ज्यांचं नेटवर्क मंद आहे त्यांच्यासाठी हा मोठा दिलासा आहे, म्हणून करावा. कॅनव्हासवर (ब्राउझरमधल्या चित्र काढायच्या घटकावर) लांब बाजू २५६० पर्यंत आणून ८५ च्या आसपास जेपेग करून पाठवलं तर ६ एमबीचा फोटो सहसा एखाद्या एमबीवर येतो. कॅनव्हासमधून जाताना एक्झिफही गळून पडतं. मागितलेला फॉरमॅट ब्राउझरला एन्कोड करता येत नसेल तर कॅनव्हास गुपचूप पीएनजी देतो, म्हणून परत आलेल्या ब्लॉबचा (तयार फाइलचा) प्रकार तपासा. आणि सर्व्हरवरची एकही तपासणी यामुळे काढू नका. ब्राउझरमधला कोड कुणीही टाळू शकतो. ज्या ॲपमध्ये मूळ फाइलच महत्त्वाची, जसं छपाई किंवा दस्तऐवज, तिथे हे करू नका.

आधीपासून साठलेल्या हजारो इमेजेसचं काय करायचं?

सगळ्या एकदम बदलायला घेऊ नका, आणि जुन्या फाइलवर नवी लिहू तर मुळीच नका. मागणीनुसार प्रक्रिया असेल तर जुन्या इमेजेस आपोआप, लोक बघतील तशा बदलतात. नसेल तर सर्वाधिक उघडल्या जाणाऱ्या पानांपासून सुरुवात करून, रात्रीच्या कमी गर्दीत, रांगेतून हळूहळू पुढे जा. कुठली इमेज झाली, कुठली अडली याची नोंद डेटाबेसमध्ये ठेवा, म्हणजे मध्येच थांबलं तरी तिथूनच पुढे सुरू करता येईल.

स्क्रिप्टमध्ये एक अट आवर्जून घाला. तयार झालेली फाइल त्याच मापाच्या जुन्या फाइलपेक्षा मोठी निघाली तर ती फेकून द्या आणि जुनीच द्या. आधीच भरपूर आवळलेल्या लहान जेपेगांच्या बाबतीत हे बऱ्याचदा होतं.

सुरू करण्याआधी डेव्हटूल्सच्या नेटवर्क पॅनेलमध्ये तुमची पाच महत्त्वाची पानं उघडून इमेजेसचे एकूण बाइट लिहून ठेवा. काम झाल्यावर तीच पानं, त्याच स्क्रीनच्या मापावर, कॅश बंद ठेवून पुन्हा मोजा.